टाकीची पातळी दोन मजले खाली बिनतारी आणायची आहे, कोणतं मॉड्यूल घेऊ?

पाणीमापक:
नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलाय. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर अंतर व्यवस्थित दिसतं. आता तो आकडा दोन मजले खाली छोट्या डिस्प्लेवर दाखवायचाय. मध्ये दोन स्लॅब आहेत आणि तार टाकायला वाट नाही. मिनिटाला एक आकडा आला तरी पुरे. पुढेमागे त्यावरूनच पंप बंद करायचाय. गच्चीवर वीज आहे, त्यामुळे बॅटरीचा प्रश्न नाही. ४३३ मेगाहर्ट्झ, ब्लूटूथ, एनआरएफ२४, लोरा असं सगळं वाचून गोंधळ वाढलाय. प्रोग्रामिंग जेमतेम येतं. काय सुचवाल?

तारायंत्र:
४३३ ची साधी ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडी. तीनच तारा लागतात, आणि रेडिओहेड लायब्ररीतला (तयार कोडच्या संचातला) एएसके ड्रायव्हर वापरला की तासाभरात आकडा खाली येतो. दोन्हीकडे १७.३ सेंटिमीटरची सरळ तार अँटेना म्हणून नक्की झाळा, तिच्याविना ही जोडी खोलीबाहेरही धड पोचत नाही. शिवाय ट्रान्समीटर गप्प असताना रिसीव्हरच्या पिनवर नुसता गोंगाट येत राहतो. तो पाहून मॉड्यूल खराब आहे असं समजू नका. त्यातून खरा संदेश निवडायचं काम लायब्ररी करते.

झाळकाम:
नुसता आकडा बघायचा असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण तुम्हाला पंप बंद करायचाय, आणि ही जोडी एकमार्गी आहे. खाली संदेश पोचला की नाही हे वरच्या बोर्डाला कधीच कळत नाही.

एचसी-०५ ब्लूटूथ एका खोलीत छान चालतं, दोन स्लॅबमधून मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

एनआरएफ२४एल०१ प्लस (तुम्ही वाचलेलं एनआरएफ२४) मात्र पोच घेतं. पोच आली नाही तर स्वतःच १५ वेळांपर्यंत पुन्हा पाठवतं. एका संदेशात ३२ बाइट मावतात, तुम्हाला चारसुद्धा लागणार नाहीत. वेग सर्वांत कमी, म्हणजे २५० केबीपीएस ठेवा. वेग कमी केला की पल्ला वाढतो.

खरी गोम वीजपुरवठ्यात आहे. या मॉड्यूलला १.९ ते ३.६ व्होल्ट लागतात. सिग्नलच्या पिनांना ५ व्होल्ट सोसतात, पण पुरवठ्याच्या पिनेला ५ दिलेत तर मॉड्यूल गेलं. उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून ५० मिलिअँपियरच घेता येतात, आणि बाहेर अँटेना असलेला मोठा प्रकार पाठवताना १०० च्या वर ओढतो. त्याला वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) द्या. छोटा असो वा मोठा, मॉड्यूलच्या पायांजवळच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर झाळा. माझे दोन शनिवार-रविवार कोड बदलण्यात गेले होते. कपॅसिटर लावला आणि त्याच कोडने संदेश यायला लागले.

चॅनेल ७६ ठेवलं तर वाय-फायची गर्दी बरीचशी टळते. ८३ च्या, म्हणजे २४८३ मेगाहर्ट्झच्या, पुढे जाऊ नका. मॉड्यूल १२५ पर्यंत जातं, पण परवानामुक्त पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो.

दोनबोर्ड:
पाणीमापक, दुसरा बोर्ड तुम्हाला घ्यावाच लागणार आहे. मग उनोऐवजी दोन ईएसपी३२ (रेडिओ असलेले बोर्ड) घ्या आणि ईएसपी-नाऊ ही त्यांची आपसात थेट संदेश पाठवायची पद्धत वापरा. रेडिओ बोर्डावरच असल्याने जोडणीतल्या निम्म्या चुका टळतात. राउटर लागत नाही, समोरच्या बोर्डाचा मॅक पत्ता (त्याच्या रेडिओचा स्वतंत्र क्रमांक) दिला की २५० बाइटपर्यंतचा संदेश थेट जातो आणि पोचही कळते. मात्र ती पोच रेडिओपुरती असते. समोरच्या प्रोग्रामने संदेश वापरला की नाही, हे त्यातून कळत नाही.

सेन्सर ५ व्होल्टचा असेल तर त्याच्या एको पिनेवरही (जिथून मोजणीचा सिग्नल बाहेर येतो) ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी३२ ला ३.३ च चालतात. मध्ये दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडणी) घाला.

पाणीमापक:
आणि लोरा? पल्ला किलोमीटरमध्ये सांगतात, म्हणून मोह होतोय.

तारायंत्र:
शेताच्या दुसऱ्या टोकाची विहीर असेल तर जरूर घ्या. तिथं त्याला तोड नाही. दोन मजल्यांसाठी गरज नाही. घेतलंच तर अँटेना लावल्याशिवाय पाठवू नका, आउटपुटचा भाग जळू शकतो. पट्टाही आपल्या देशात मोकळा आहे तोच निवडा.

झाळकाम:
मॉड्यूल कोणतंही घ्या, पण पंपाबाबत एक ऐका. संदेश येणं थांबलं की डिस्प्लेवर शेवटचा आकडा तसाच राहतो. टाकी अर्धी दिसते, पंप चालू राहतो आणि वर पाणी वाहत असतं. म्हणून खालच्या बोर्डात शेवटचा संदेश कधी आला ती वेळ ठेवा. तीन मिनिटं काही आलं नाही तर आकडा पुसून रेघ दाखवा आणि पंप बंद करा. प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक द्या, म्हणजे मधले किती गळले ते मोजता येईल. पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेची (बोर्डाने चालणाऱ्या स्विचची) मेन्सकडची जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पाणीमापक:
मंडळी, ईएसपी-नाऊ केलं. टेबलावर लगेच चाललं, गच्चीवर नेल्यावर जवळजवळ सगळेच संदेश गळायला लागले. क्रमांक घातले होते म्हणून लगेच कळलं. पाऊस लागू नये म्हणून बोर्ड पत्र्याच्या डब्यात ठेवला होता! तोच प्लास्टिकच्या डब्यात घातला आणि काल रात्रीपासून फक्त दोन गळलेत. रेघेची युक्तीही तपासली. वरची वीज काढली, तीन मिनिटांनी रेघ आली. पंपाला अजून हात लावलेला नाही, आधी आठवडाभर मोजतो. झाळकाम, तुमचे विशेष आभार.