सशांपेक्षा त्या लाल सपाता

स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) या कादंबरीतलं अपुरं स्वप्न कशात दिसतं, या प्रश्नावर बहुतेकांचं उत्तर आहे लेनीचे ससे: भोळा, दांडगा मजूर लेनी स्वतःच्या जमिनीवर ससे पाळायचं स्वप्न बघतो. मान्य, पण मला रँचमालकाचा मुलगा कर्ली याच्या बायकोच्या सपाता जास्त बोलक्या वाटतात. त्या धुळकट रँचवर शहामृगाच्या लाल पिसांचे गुच्छ लावलेल्या लाल सपाता! तिला सिनेमात घेण्याचं हॉलिवूडचं पत्र आलंच नाही. ते आईनंच लांबवलं, असा हिचा संशय. स्टाइनबेकनं बिचारीला नावसुद्धा दिलेलं नाही.

रँचवरच्या म्हाताऱ्या कामगाराचं, कँडीचं, तर त्याहून वाईट. लेनीबरोबर घ्यायच्या जमिनीच्या ६०० डॉलरपैकी ३५० तो घालणार, त्यातले २५० तुटलेल्या हाताच्या भरपाईचे. स्वप्नाचा विसार हात देऊन भरलेला!

आणि लेनीला जे जे मऊ आवडतं, उंदीर, कुत्र्याचं पिल्लू, शेवटी कर्लीच्या बायकोचे केस, ते त्याच्या हातून मरतंच. ससे मिळाले असते तरी वेगळं काय झालं असतं?