जुना कॅमेरा, नवा लॅपटॉप: टेपांवरचं शूटिंग तुम्ही कसं उतरवलंत?

महालकर

परवा लोखंडी कपाट आवरताना बाबांचा कॅमेरा हाती लागला. 2004 मध्ये घेतलेला, मिनी-डीव्ही टेपचा. सोबत अकरा टेपा, आणि प्रत्येकीवर बाबांच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं: ‘मारबत’, ‘दीक्षाभूमी, गर्दी’, ‘आई, गच्ची’. आजी 2009 मध्ये गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

बॅटरी मेली आहे, पण चार्जर लावला की कॅमेरा सुरू होतो. माझ्या लॅपटॉपला टाइप-सीची फक्त दोन तोंडं. ॲडॉप्टर घालून यूएसबीची वायर जोडली तर मेमरी कार्डावरचे फोटो तेवढे दिसले, टेपवरचं काहीच येईना. शेजारी ‘डीव्ही’ लिहिलेलं एक चिमुकलं तोंड आहे, त्याची वायर घरात नाही.

ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कॅमेरा कोणता, कॉम्प्युटर कोणता, कुठे अडलं, शेवटी कशानं जमलं. फसलेले प्रयोगसुद्धा लिहा, मला त्यांचीच जास्त गरज आहे.

गोपालनगर

ताई, ते चिमुकलं तोंड हाच तुमचा रस्ता. ते चार पिनांचं फायरवायर आहे, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये न्यायची जुनी जोडणी, सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्यालाच ‘आयलिंक’ म्हणतात. मिनी-डीव्हीच्या टेपवर चित्र मुळातच डिजिटल असतं. फायरवायरनं ते जसंच्या तसं उतरतं, दर्जा जरासुद्धा घटत नाही. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबी दिलं होतं ते फोटोंसाठी, फार तर वेबकॅमसारख्या अंधुक चित्रासाठी.

मी डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवलं. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात मोदी नंबर तीनमध्ये फिरलो, दोन दुकानांतून ‘हे आता येत नाही’ ऐकून परतलो. तिसऱ्यानं मागचा खोका उपसून धुळीनं माखलेलं कार्ड काढून दिलं, सोबत चार पिन ते सहा पिन वायर. विंडोज 10 नं कार्ड लगेच ओळखलं, पण कॅमेरा दिसायचा आणि गायब व्हायचा. दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमधून ‘लेगसी’ नावाचा जुना ओएचसीआय ड्रायव्हर टाकला, तेव्हा कॅमेरा टिकला. उतरवायला विनडीव्ही हा छोटा फुकट प्रोग्रॅम वापरला.

कॅमेरा ‘प्ले’वर ठेवा, ‘रेकॉर्ड’वर नको. तासाची टेप उतरायला तासच लागतो, तिथे घाई चालत नाही. एका तासाला साधारण 13 जीबी जागा लागते. मी आधी पेनड्राइव्हवर घेत होतो, तर दर वेळी एकोणिसाव्या मिनिटाच्या आसपास काम थांबायचं. टेपला दोष देत बसलो होतो. खरं कारण वेगळंच निघालं: पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क लावली आणि प्रश्न मिटला.

आणि एक कळकळीचं सांगणं. वायर लावताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या तोंडातून वीजही येते. ती बाजू उलटी दाबून बसवली तर कॅमेऱ्याचं डीव्ही तोंड जळतं, आणि त्याची दुरुस्ती आता सहजी होत नाही.

संत्रानगरी

फसलेला प्रयोग माझा. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला फायरवायर अशी वायर ऑनलाइन मिळते. स्वस्त दिसली म्हणून घेतली, कॅमेऱ्याला लावली, काही झालं नाही. दुसरी मागवली, तीही तशीच. मग एका जाणत्यानं समजावलं की ही दोन वेगळ्या भाषांची तोंडं आहेत. नुसती तांब्याची तार जोडून भाषांतर होत नाही, आणि कॉम्प्युटरमध्ये फायरवायरचा कंट्रोलरच नसेल तर ऐकणारं कोणी नसतं. ती वायर घेऊ नका.

त्रिमूर्तीनगर

मॅकवाल्यांसाठी. मी तीन दुवे जोडले: थंडरबोल्ट 3 ते थंडरबोल्ट 2, त्यापुढे थंडरबोल्ट ते फायरवायर 800, आणि त्यापुढे नऊ पिन ते चार पिनांची वायर. साखळी महाग पडली, पण आयमूव्ही या मॅकच्या व्हिडिओ प्रोग्रॅमनं कॅमेरा पहिल्या झटक्यात ओळखला. आमच्या सतरा टेपा अशाच उतरल्या. मात्र 2025 मध्ये आलेल्या मॅकओएस ताहोमधून फायरवायर काढून टाकलं आहे. टेपा बाकी असतील तर आधी त्या संपवा, अपडेट मागाहून करा.

शूटिंगवाला, इतवारी

सगळे वायरीचं सांगून राहिले, टेपचं कोणीच नाही बोललं. मी 1998 पासून लग्नाचं शूटिंग करून राहिलो, तर माझं ऐका. कपाटातून काढलेली टेप थेट प्ले करू नका. आधी शेवटापर्यंत फॉरवर्ड करा, मग पुरी रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एकाच जागी पडली की फीत कुठं सैल, कुठं घट्ट गुंडाळलेली राहते. एकदा इकडून तिकडे फिरली की ताण सारखा होते. अन् पहिल्यांदा अशी टेप टाका की जी गेली तरी जीव नाही हळहळणार.

हे मी भोगून शिकलो. माझ्या टेपा टिनाच्या छताखालच्या माळ्यावर होत्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, तिथं वर काय होत असंल ते समजून घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीची टेप होती, काळी अन् पिवळी मारबत, दोन्ही पुतळे त्यात. टाकली, अन् कॅमेऱ्यानं ती खाल्ली. मी घाबरलो, झाकण जोर लावून उघडलं. पाव इंच रुंदीची ती फीत, चुण्या पडून दारात लोंबून राहिली होती. वीज लावून ठेवून धीर धरायला पाहिजे होता. बोटानं हळू हळू आत घेतली. बाकी टेप वाचली, पण ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून सारे ओरडतात तो मिनिटभराचा तुकडा गेला. त्या गर्दीत माझा मोठा भाऊ होता. तो आता नाही.

चित्रावर चौकोन चौकोन येऊन राहिले असतील तर टेप वाचणारं हेड मळलं आहे. कोरडी क्लीनिंग टेप दहा सेकंदं चालवा, जास्त नाही, ती हेड घासते. कापूस, अत्तर, तेल काहीच आत घालू नका.

नॅरोगेज

माझा कॅमेरा त्याही आधीचा, हाय-एटचा. हा ॲनालॉग, म्हणून डीव्हीचं तोंडच नाही. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची वायर यूएसबी कॅप्चर डोंगलला लावली आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घेतलं. चित्र काळंपांढरं आणि फिरणारं यायचं. डोंगल एनटीएससी या अमेरिकेतल्या चित्रपद्धतीवर होतं, आपल्याकडचे कॅमेरे पाल पद्धतीचे. ती एक सेटिंग बदलल्याबरोबर रंग आले.

पण आवाज हळूहळू मागे पडत जाई, अर्ध्या तासात ओठ आणि शब्द पार सुटत. मग एका ओळखीच्यांकडून डिजिटल-एटचा, म्हणजे तसल्याच टेपवर डिजिटल चित्र घेणारा कॅमेरा दोन दिवसांसाठी आणला. त्यातले काही कॅमेरे जुनी हाय-एट टेप वाजवतात आणि फायरवायरमधून डीव्ही करून देतात. घेण्याआधी आपली टेप घालून बघा, सगळेच देत नाहीत. चित्र आणि आवाज दोन्ही जागेवर आले. त्या टेपेत इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी आहे, खिडकीतून घेतलेली, मधेच वडिलांचा हात आडवा येतो. 2019 मध्ये ती लाइन बंद झाली. माझ्या मुलीला मी ती गाडी आता दाखवू शकतो.

मनीषनगर

आमचा छोट्या डीव्हीडीचा, आठ सेंटीमीटरची तबकडी. कॉम्प्युटर ती रिकामी दाखवत होता. कॅमेऱ्यातच ‘फायनलाइझ’ केल्यावर, म्हणजे तबकडीवरचं रेकॉर्डिंग पक्कं बंद केल्यावर, फाइली दिसल्या. फट असलेल्या, आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ही तबकडी घालू नका, अडकते.

महालकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी शूटिंगवाले दादांनी सांगितलं तसं कोऱ्या टेपवर तालीम केली, मग अकराही टेपा पुढे-मागे फिरवल्या. लॅपटॉपचा नाद सोडला. मावसभावाकडे जुना डेस्कटॉप पडून होता, त्यात फायरवायरचं तोंड आधीपासूनच. त्यानं लिनक्स टाकलं आणि डीव्हीग्रॅब या प्रोग्रॅमनं उतरवायला घेतलं. त्यात मला माहीत नसलेली एक गोष्ट कळली. चित्रावर तारीख दिसत नसली तरी डीव्ही टेपवर शूटिंगची तारीख-वेळ चित्रासोबत नोंदलेली असते, आणि डीव्हीग्रॅब त्याच नावानं फाइल बनवतो. अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा लावलेलं असेल तरच. बाबा ते लावत असत.

‘आई, गच्ची’ची फाइल 2005.05.08 या तारखेची निघाली, सकाळी सव्वासातची. कॅलेंडर काढून पाहिलं, रविवार होता. गच्चीवर जुनं धोतर अंथरलेलं, गव्हाच्या चिकाच्या पातेल्यातून वाफ येते आहे, आजी सोऱ्या फिरवते आहे. एकेका कुरोडीचा वेटोळा पडताना सोऱ्याची करकर ऐकू येते. मग ती मान वर न करता म्हणते, "तो डबा ठेव नं बाजूले, ऊन चढून राहिलं, हात लाव." पुढचे दोन सेकंद चित्र डगमगतं, मग गच्चीची फरशी दिसत राहते आणि बाबांचा आवाज येतो, "आलो, आई."

नऊ टेपा झाल्या. ‘दीक्षाभूमी, गर्दी’वर मात्र सगळीकडे चौकोन आहेत, म्हणून ती आणि तिच्यानंतरची थांबवली आहे. क्लीनिंग टेप कुठे मिळाली नाही. नागपुरात कोणाकडे आहे का?

शूटिंगवाला, इतवारी

माझ्याजवळ आहे. रविवारी दुकानात या. कॅमेरा आणा, अन् चार्जर विसरू नका.