'सोंग' मराठीत कसं आणायचं?

रानजाई
आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी ताईचीच्या (तो संथ हालचालींचा चिनी व्यायाम) सरावाचं चार पानी पत्रक मराठीत करतेय. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून बेतलेला तो २४ हालचालींचा क्रम. हालचालींची नावं कशीबशी उरकली, पण एका चिनी शब्दावर गाडी अडली आहे: 'सोंग', म्हणजे ताण सोडलेलं. दर दुसऱ्या ओळीत येतो. खांदे सोंग, कंबर सोंग, सगळं अंग सोंग. तसाच ठेवला तर आजोबा विचारणार, आता या वयात कसलं सोंग आणायचं? 'सैल' लिहिलं तर नवरा म्हणाला, काय, लेंगा? 'शिथिल' म्हटलं की मला लॉकडाउनचे निर्बंध आठवतात. सुचवा काहीतरी.

अर्धविराम
शिथिलच. योगसूत्रात आसनाबद्दल 'प्रयत्नशैथिल्य' आलंय (२.४७), तुम्हाला हवा तो अर्थ नेमका तोच. सरकारी आदेशांनी वापरला म्हणून आपण शब्द टाकून द्यायचा का?

पाचवा_मजला
'रिलॅक्स' लिहा. फिजिओ, डेंटिस्ट, बीपी मोजणारी नर्स, सगळे तेच म्हणतात. ज्येष्ठांना कळतं.

अर्धविराम
मग पत्रक तरी मराठीत कशाला?

दर्यावर्दी
मी सिंगापुरात इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सहा वर्षं ताईची करतोय, म्हणून बोलतो. पहिल्या आठवड्यात गुरुजींनी माझा हात मनगटाला धरून वर उचलला आणि एकदम सोडून दिला. तो तसाच हवेत लटकत राहिला! ते हसले, म्हणाले, तुझा हात अजून मीच धरलाय असं तुला वाटतंय. पुढच्या वेळी मी शहाणपणा करून अंगच टाकून दिलं, खांदा, पाठ, गुडघे, सगळं. तेव्हा मात्र हसले नाहीत. सोंग म्हणजे उगाच लावलेला जोर तेवढा काढायचा, हाडांचा सांगाडा जागच्या जागी उभाच. जोडीने हाताला हात लावून ढकलाढकलीचा सराव असतो (तुइशोउ), त्यात हे लगेच कळतं. ताठ हात म्हणजे समोरच्याला आयता दिलेला दांडा, तो धरून तो तुम्हाला सरळ उपटतो. आणि मेणासारखे वितळलात तरी ढकलले जाताच. त्यामुळे 'ढिला' तर अजिबात नको.

मोडीवाचक
या शब्दाचं जुनं चिनी अक्षर बघा. वर लांब केसांची खूण, खाली पाइनच्या झाडाचं अक्षर, ते फक्त उच्चारापुरतं. मूळ अर्थ सुटलेले, विस्कटलेले केस. पुढे लिपी सोपी करताना केस कापले गेले, म्हणून आज चीनमध्ये 'सैल' आणि 'पाइन' एकाच अक्षराने लिहितात. आता आपण अंबाडा सुटला की काय म्हणतो? केस मोकळे सोडले. विषय संपला.

कट्ट्यावरचा_काका
कसला संपतोय. 'अंग मोकळं करून येतो' म्हणजे आमच्याकडे कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येणं, वाटेत चहा. आणि वरच्या भांडणात एक मौज कुणाच्या लक्षात आली नाही. 'ढिला' हा 'शिथिल'चाच, प्राकृतातल्या 'सिढिल'मार्गे आलेला. 'सैल'ही त्याच घरातला असावा असं आपलं माझं मत. म्हणजे तुम्ही तिघे भावंडांपैकी गोरं कोण ते ठरवताय.

रानजाई
मोकळं आवडलं, पण सगळीकडे बसत नाही. यांग शैलीचे गुरू यांग चंगफू यांची दहा सूत्रं आहेत, त्यातलं तिसरं कंबर सोंग करा. जन्मभर 'कंबर कसा' ऐकलेल्या लोकांना हे सांगायचंय! पाचवं सूत्र खांदे आणि कोपरं खाली येऊ देण्याचं. मी 'खांदे पाडा' लिहिलं. सासूबाईंनी कच्चा मसुदा वाचून विचारलं, कोण गेलं?

पाचवा_मजला
खांदे सोडा. कंबर सोडा. झालं.

अर्धविराम
कुठे सोडा? 'सोडणे'ला कर्म लागतं तसं ठिकाणही लागतं.

पाचवा_मजला
श्वास कुठे सोडता?

दर्यावर्दी
रानजाई, पत्रकाचा मथळा 'ताईची: प्राणशक्तीचा व्यायाम' असेल तर एक सांगतो. त्या नावातला 'ची' म्हणजे श्वास किंवा प्राण नव्हे. तो शब्दच वेगळा, त्याचा मूळ अर्थ घराचं आढं. त्यावरून टोक, परमावधी. प्राणवाला शब्द चिनी तोंडून 'छी'च्या जवळ ऐकू येतो.

कट्ट्यावरचा_काका
लिहा मग, 'रोज सकाळी छी वाढवा'.

मोडीवाचक
मसुद्यात 'अंतर्गत युद्धकला' आहे का? असेल तर काढा. ती पक्षांमध्ये चालते. मूळ 'नेइजिया', नेइ म्हणजे आत आणि जिया म्हणजे घर, कुटुंब, परंपरा. ताईची, शिंगयी आणि बाग्वा या तिन्ही कला सुन लुतांग (१८६०-१९३३) यांनी एका कुळात मांडल्या. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे: घराणं. 'आतलं घराणं'.

अर्धविराम
घराणं गावाच्या नावाने चालतं. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा. ताईचीच्या शैली आडनावांच्या: चेन, यांग, वू, सुन.

मोडीवाचक
चेन शैली हनान प्रांतातल्या चेनजियागौची. गावाचं नावच 'चेनांची वाडी' असल्यासारखं आहे. गाव आणि आडनाव एकच. आता बोला.

अर्धविराम
यांग लुचान तिथे शिकले आणि पुढे बीजिंगला जाऊन नाव काढलं. तरी त्यांची शैली यांग, बीजिंग नव्हे. आता तुम्ही बोला.

रानजाई
पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. खांद्यांचं काय करू?

कट्ट्यावरचा_काका
आधी 'ताई ची' की 'ताईची' ते ठरवा. आमच्या बागेत फलक लागला होता, 'ताईची वर्ग, सकाळी ६'. दोघं जण कुठल्या ताईची म्हणून चौकशी करून गेले.

अर्धविराम
'तायची' लिहा. 'य' घातला की गोंधळ मिटतो.

मोडीवाचक
आमच्याकडे मालवणात ताईक 'ताय'च म्हणतत.