मदत हवी आहे: प्रयोगानंतर रात्री नाशिकची गाडी

येत्या शनिवारी पुण्यात आमच्या जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये मित्रमंडळी एकांकिका करतायत. तीच, जी आम्ही पुरुषोत्तम करंडकला (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) भरत नाट्य मंदिरात केली होती! तेव्हा मी विंगेत चहाचे कप आणि खोटी दाढी सांभाळायचो. (डिंक सुटायचा, दाढी लोंबायची.) यंदा पहिल्यांदाच समोर बसणार, 'आव्वाज कुणाचा' ओरडायला.

प्रयोग साडेदहाला संपेल, म्हणजे अकरा धरा. मेकअप उतरेपर्यंत थांबणं आलंच. रविवारी सकाळी नाशिकला पोचायचंय. शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला गेल्यापासून रात्री तिकडे फिरकलेलो नाही. बारानंतर तिथून एसटी मिळते का? की नाशिक फाट्यावर उभं राहावं? अलीकडे कोणी गेलंय का?