पॉलिग्राफ खोटं पकडतो, की नुसती धडधड?

टाचणी:
एखादा गुन्हा गाजला की 'पॉलिग्राफ करा, कळेल खरं काय ते' म्हणणारे दहा जण निघतात. माझं मत: यंत्र चोख आहे, 'लाय डिटेक्टर' हे नाव तेवढं खोटं आहे.

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एकदा माझ्या दोन बोटांना इलेक्ट्रोड लावले होते. घामाने त्वचेतून वीज जरा सहज वाहते, तेवढंच मोजायचं. मी गप्प बसलेली. मागे कुणाच्या तरी हातून स्टीलची पट्टी फरशीवर पडली. मी दचकले हे मलाही धड कळलं नव्हतं, पण दोनेक सेकंदांनी पडद्यावरची रेघ टेकडी चढून आली. मग मैत्रिणीने कानात एका मुलाचं नाव घेतलं. टेकडी आणखी उंच! यात खोटं कोण बोललं?

पॉलिग्राफमध्ये हेच असतं. जोडीला छाती-पोटाभोवती श्वास टिपणाऱ्या नळ्या आणि दंडाला अर्धवट फुगवलेला पट्टा. त्या पट्ट्यातून बीपी १२० की १४० हे कळत नाही, रेघ वर सरकली की खाली एवढंच. घाबरा, चिडा, लाजा, हृदय आणि घामग्रंथी जवळपास सारखंच उत्तर देतात. जॉन लार्सनने १९२१ मध्ये हे यंत्र जुळवलं. खोटेपणाची म्हणून वेगळी खूण अजून कुणाला सापडलेली नाही.

चष्मिष्ट:
टाचणीताई, अर्धंच सांगितलंत. एका टेकडीवर निकाल कोण देतो? प्रश्नांमध्ये वीस-पंचवीस सेकंदांचं अंतर ठेवतात, तीच मालिका सहसा तीनदा तरी घेतात. शिवाय तुलना माणसाची त्याच्याशीच. ज्याचे तळवे कायम ओले, त्याचे सगळ्याच प्रश्नांना ओले. ते वजा होतं. दरवेळी नेमक्या त्याच प्रश्नाला श्वास उथळ होतो आणि घामाची रेघ उठते, हा काय योगायोग? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलचा २००३ चा अहवाल बघा. विशिष्ट घटनेबद्दलच्या चाचणीत अचूकता अंदाजपंचे उत्तरापेक्षा बरीच वर असते, असं त्यात आहे.

टाचणी:
वाक्याचा उत्तरार्ध गिळलात की! 'पण परिपूर्णतेपेक्षा बरीच खाली' हेही तिथेच आहे. आणि वजाबाकी कशातून करता? तुलनेचा प्रश्न 'विश्वास टाकणाऱ्याशी कधी खोटं बोललात का?' या धर्तीचा. गृहीत असं, की निर्दोष माणूस याला जास्त चरकेल आणि 'पैसे तुम्ही घेतलेत का?' याला कमी. का म्हणून? नोकरी कुठल्या प्रश्नावर जाणार आहे हे त्यालाही कळतं. घाम वजा होईल, ही भीती कशी होणार?

गणित्या:
त्याच अहवालातला एक हिशेब. १०,००० कर्मचारी, त्यात १० हेर असं मानलेलं. चाचणी बरीच चांगली आहे असं धरूनही, दहापैकी आठ हेर सापडावेत इतकी चाळण बारीक केली तर सोबत जवळजवळ १,६०० निर्दोष अडकतात. उलट ऑल्ड्रिच एम्स सीआयएत बसून सोव्हिएतांना गुपितं विकत होता आणि १९८६ व १९९१ च्या दोन्ही चाचण्यांतून सुटला.

चष्मिष्ट:
आला का एम्स! ती सरसकट चाळणी होती. मी एका घटनेच्या तपासाबद्दल बोलतोय, तिथे संशयित चार-पाचच असतात.

उनाडमांजर:
तुम्ही सगळे एकाच प्रश्नपद्धतीवर भांडताय. डेव्हिड लिकेनने १९५९ मध्ये वेगळी वाट दाखवली: 'तू केलंस का?' विचारायचंच नाही. चोरीला गेलेलं पाकीट निळं होतं, हे फक्त चोराला आणि तपासणाऱ्यांना माहीत. मग विचारायचं, लाल होतं? पिवळं? निळं? हिरवं? काळं? निर्दोषाला सगळे रंग सारखे. योगायोगाने निळ्यालाच मोठी टेकडी यायची शक्यता पाचात एक, आणि असे सहा तपशील ओळीने जुळायची १५,६२५ मध्ये एक. इथे घाम भीतीचा की रागाचा, याने फरक पडत नाही. ओळख पटली का, एवढंच बघायचं. जपानचे पोलीस हेच वापरतात.

टाचणी:
हे मला पटतं. फक्त तपशील बातमीत फुटला की खेळ खलास.

चष्मिष्ट:
आणि चोराने अंधारात पाकीट उचललं असेल तर? त्यालाही सगळे रंग सारखेच.

उनाडमांजर:
मग रंग सोडा, आत काय होतं ते विचारा. चोरलेलं पाकीट न उघडणारा चोर मी तरी पाहिला नाही.