आमच्या खासदाराने कांद्यावर मत काय दिलं, हे कुठे सापडेल?

कांदाचाळ
नमस्कार मंडळी. घरात भांडण पेटलंय म्हणून इथे आलेय. मी पुण्यात नोकरीला, गावी आण्णा आणि शेती. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा आमचा लाल कांदा काढून झाला होता. लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, त्यामुळे भाव पडला तरी थांबायची सोय नव्हती. मिळेल त्या भावात दिला. आण्णा ते विसरलेले नाहीत.

आता चुलतभावाने घरच्या ग्रुपवर आमच्या खासदारांचं प्रगतिपुस्तक टाकलंय. रंगीत कार्ड, वर फेटा बांधलेला फोटो. हजेरी नव्वद टक्क्यांच्या घरात, प्रश्न चारशेच्या वर, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली) पाच. खाली ‘कार्यसम्राट’. आण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “ते प्रश्न राहू दे बाजूला. बंदीच्या वेळी यानं हात वर केला का खाली ठेवला, तेवढं बघून सांग.”

दोन रात्री संसदेच्या साइटवर घालवल्या. हजेरी सापडली, प्रश्न सापडले, मत काही सापडेना. मी चुकीच्या जागी शोधतेय का? (खासदारांचं नाव, पक्ष मुद्दाम टाकत नाही. धाग्याचा आखाडा नको.)

तिखटमीठ
कार्ड बनवणाऱ्याला विचारा. फेटा कुठल्या तारखेचा तेही सांगेल तो.

लॉबीबाहेरचा बाक
ताई, तुम्ही जागा बरोबर शोधताय, वस्तूच तिथे नाही. मी दिल्लीत अकरा वर्षं एका मराठी खासदाराचा स्वीय सहायक होतो. आता गावाकडे असतो, कुणाचं देणं लागत नाही, म्हणून मोकळं लिहितो.

आण्णांना सांगा, त्या बंदीवर सभागृहात कुणीच हात वर केला नाही, कारण ती सभागृहात मताला आलीच नाही. आयात-निर्यात रोखायचे अधिकार १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने केंद्र सरकारला देऊन ठेवलेत. विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली की बंदी लागू. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसलं ते अधिसूचनेनंच, आणि ४ मे २०२४ ला, लोकसभेची निवडणूक चालू असताना, बंदी उठली तीही अधिसूचनेनंच.

बरं, शेतीचं जे मताला आलं त्याचं काय झालं ते बघा. २०२० ची कृषी विधेयकं लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही, गोंधळात तिथेही आवाजीच. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यात आपले राजीव सातव होते. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द झाले, तेही चर्चेविना आणि आवाजीच. म्हणजे कायदे आले आणि गेले, त्यावरून वर्षभर लोक दिल्लीच्या वेशीवर बसले, पण कुठल्या खासदाराने काय मत दिलं याची नावानिशी यादी दोन्ही वेळा नाही. आवाजीत ‘हां’वाले ओरडतात, ‘ना’वाले ओरडतात, अध्यक्ष कानाने निकाल देतात. तुमचे खासदार तेव्हा चहा पीत असले तरी कागदावर काही फरक पडत नाही.

नाव उमटतं ते फक्त मतविभागणीत. साडेतीन मिनिटं घंटा वाजते, लॉबीची दारं बंद होतात, बाकावरची बटणं दाबायची. हिरवं हो, लाल नाही, पिवळं तटस्थ. यंत्र चुकलं किंवा बटण नीट दाबलं गेलं नाही तर चिठ्ठी भरून द्यायची. चिठ्ठीला हसू नका. १७ डिसेंबर २०२४ ला ‘एक देश एक निवडणूक’ विधेयक मांडायचं की नाही यावर यंत्राने आधी २२० विरुद्ध १४९ दाखवलं, चिठ्ठ्या मोजल्यावर आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. ही यादी त्या दिवसाच्या कामकाजाच्या इतिवृत्तात छापलेली असते. सभासदाच्या पानावर नसते, म्हणून तुम्हाला दिसली नाही.

घटनादुरुस्तीला मतविभागणी घ्यावीच लागते, तिथे कुणी लपू शकत नाही. २० सप्टेंबर २०२३, महिला आरक्षण, ४५४ विरुद्ध २. ते दोघे म्हणजे ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही म्हणून विरोध, हे त्यांनी उघड सांगितलं होतं. पटो न पटो, मतदाराला त्यांना जाब विचारायला कागद आहे. बाकीच्यांचं बहुतेक कामकाज त्या ‘हां’च्या कल्लोळात विरघळून जातं.

आता कार्डावरचे आकडे. हजेरी म्हणजे सही असायची. माझ्या वेळी लॉबीतल्या रजिस्टरात सही केली की दिवस भरला, दैनिक भत्ताही त्या सहीवरच. सही करून अकरा वाजता विमानतळ गाठणारे पाहिलेत. मंत्री सही करत नाहीत, म्हणून एखाद्या मंत्र्याची हजेरी दिसली नाही तर त्याला शिव्या घालू नका.

प्रश्न आम्ही बनवायचो. ‘आम्ही’ म्हणजे पीए. सकाळचे पेपर घ्यायचे, बातमी कापायची, साचा ठरलेला: सरकारच्या निदर्शनास आले आहे काय, असल्यास तपशील काय, नसल्यास कारणे काय. एका दिवसाच्या यादीसाठी एका सभासदाला पाच सूचना देता येतात, किमान पंधरा दिवस आधी. मग सोडत. तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) वीस, अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) दोनशे तीस. तारांकितांपैकी तासाभरात पाच-सहा प्रत्यक्ष झाले तरी खूप. एकाच विषयावर दहा जणांनी सूचना दिली तर दहाही नावं एकाच प्रश्नावर चढतात आणि दहाही कार्डांत एकेक वाढतो. आमच्या साहेबांच्या नावावर एकदा रेशमाच्या कोषांवरचा प्रश्न लागला. त्यांनी मला फोन करून विचारलं, “हे आपण विचारलंय का?”

खाडीपलीकडे
बाकसाहेब, मस्त लिहिलंत. पाच खासगी विधेयकांबद्दल मी सांगतो. स्वातंत्र्यापासून आजवर खासगी विधेयकं मंजूर झाली चौदा, शेवटचं १९७० साली. म्हणजे मांडणं सोपं, पुढे नशीब. पण सगळ्यांना एका मापात मोजू नका. आमच्या राजापूरचे बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये, गोलकनाथ निकालानंतर (संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल), संसदेला घटनादुरुस्तीचा पूर्ण अधिकार असावा म्हणून खासगी विधेयक आणलं. मंजूर झालं नाही. पण देशभर चर्चा झाली आणि १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने जवळपास तेच केलं. आजच्या कार्डात त्याचा आकडा ‘एक’ लागला असता.

तिखटमीठ
आणि मत दिसलं तरी ते त्याचं स्वतःचं थोडंच? व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, आला की बटण पक्ष दाबतो. १९९९ ला वाजपेयी एका मताने गेले, तेही त्या गमांगांच्या बेकायदा मतामुळे.

लॉबीबाहेरचा बाक
बेकायदा म्हणता येणार नाही. १७ एप्रिल १९९९, २६९ विरुद्ध २७०. गिरिधर गमांग फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिला नव्हता. सभासदत्व चालू होतं, म्हणून मत धरलं गेलं. शोभलं का, हा वेगळा वाद. आणि त्याच मतदानात नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून सरकारविरुद्ध मत दिलं, पक्षाने त्यांना काढून टाकलं. म्हणजे बटण माणूसच दाबतो, फक्त किंमत मोजावी लागते.

व्हिपचं मात्र खरं आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून आदेश मोडला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर सभासदत्व जाऊ शकतं. गैरहजर राहिलात तरीही. पक्ष स्वतः तरी एका जागी कुठे असतो? डिसेंबर २०१९, नागरिकत्व विधेयक: शिवसेना लोकसभेत बाजूने, दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग.

ताई, म्हणून मत शोधण्यापेक्षा एक करा. साइटवर प्रश्नांच्या शोधात खासदारांचं नाव आणि ‘प्याज’ टाका, इंग्रजीतही एकदा टाका. प्रश्नावर किती नावं आहेत ते मोजा. तारीख बघा, बंदीच्या आधीची की नंतरची. उत्तर वाचा, आणि त्या उत्तरावर पुढच्या अधिवेशनात पुन्हा काही विचारलंय का ते बघा. माझ्या मते खरा कस त्या दुसऱ्या प्रश्नात लागतो, कारण तो पीए आपणहून बनवत नाही. त्यासाठी साहेबांना पहिलं उत्तर वाचावं लागतं.

कांदाचाळ
बाकसाहेब, खूप आभार. शोधलं. ‘प्याज’वर तीन प्रश्न निघाले, तिन्ही अतारांकित. एकावर यांच्यासकट दहा नावं. एक साठवणुकीच्या अनुदानावर, त्यावर मात्र एकट्यांचंच नाव, आणि पुढच्या अधिवेशनात त्याच अनुदानाचे किती पैसे प्रत्यक्ष वाटले असं पुन्हा विचारलंय. हे मी चुलतभावाला दाखवलं तर त्यालाच माहीत नव्हतं. कार्डात नाही ना.

बंदीवर, ती असताना, एकही नाही.

आण्णांना दोन्ही वाचून दाखवलं. साठवणुकीचं उत्तर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग म्हणाले, “हे बरं विचारलंय.” थोडा वेळ गप्प होते. आता त्यांना त्या दहा नावांतले बाकीचे नऊ कोण ते हवंय, आणि त्यातले आपल्या बाजूचे किती. यादी करायला बसलेय.