मोनॅको घ्यायचंय, पण रत्नागिरीच्या हवेत टिकेल का?

मिऱ्याकर
नमस्कार मंडळी. मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला, सध्या सुट्टीवर घरी आहे. बरीच वर्षं डोक्यात एकच घड्याळ बसलंय, टॅग ह्युअरचं मोनॅको, चौकोनी केस आणि निळी डायल. पैसे आता जमलेत, घरी अजून बोललो नाही कारण आई पहिलं म्हणणार की आधी कलमांना कुंपण घाल. घर मिऱ्याला, खिडकीतून समुद्र दिसतो, गज दरवर्षी रंगवले नाहीत तर पापुद्रे निघतात. अशा हवेत मेकॅनिकल क्रोनोग्राफ, म्हणजे सेलशिवाय चालणारं स्टॉपवॉचवालं घड्याळ, ठेवणं शहाणपणाचं आहे का? आणि डावीकडे क्राउन (वेळ लावायची, चावी द्यायची फिरकी) असलेलं जुनं कॅलिबर ११ मशीनवालं घ्यावं की ह्युअर ०२ मशीनवालं? सिंगापूरला शिप लागते तिथून घेतलं तर? मनगट बारीक आहे, तेही बघा.

टिकटिक_चिपळूण
दादा, हवेला घाबरू नका, केस स्टेनलेस स्टीलची आहे, तुमच्या गजांसारखी गंजणार नाही. खरी कटकट मिठाची. खारं पाणी किंवा घाम बटणांच्या आणि क्राउनच्या फटीत सुकतो, पांढरी कड धरते, मग बटण दाबलं की खरखरतं आणि आतला गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) हळूहळू घासला जातो. बाहेरून आलात की गोड्या पाण्यात पिळलेला फडका फिरवा आणि कोरडं पुसून ठेवा, झालं. १०० मीटर लिहिलंय म्हणून भाट्याला पोहायला घालून जाऊ नका, बटणं स्क्रूवाली नाहीत, आणि पाण्यात असताना चुकूनही दाबायची नाहीत.

चौकोनी केसमधे पाणी अडवणं ही मुळातच डोकेदुखी होती. गोल केसचं झाकण आटे पाडून फिरवून घट्ट बसवता येतं, चौकोनाला ते कसं जमणार? १९६९ ला ह्युअरने मोनॅको आणलं तेव्हा पिकरेझ ह्या केस बनवणाऱ्या कंपनीची केस वापरली, दोन भाग एकमेकांत दाबून बसवायचे अशी, म्हणून ते पहिलं वॉटर रेझिस्टंट चौकोनी ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ ठरलं. आणि क्राउन डावीकडे का, तर ब्युरेन कंपनीच्या मायक्रोरोटर (हात हलला की आपोआप चावी देणारं छोटं वजन) मशीनवर ड्युबुआ-देप्रा कंपनीचं क्रोनोग्राफ मॉड्यूल, म्हणजे स्टॉपवॉचचा वेगळा थर, चढवलं, त्या रचनेत क्राउन बटणांच्या विरुद्ध बाजूला आला. जाहिरातीत मग सांगितलं की चावी द्यावीच लागत नाही म्हणून क्राउन तिकडे! हॉलिवूडच्या स्टीव्ह मॅक्वीनने रेसिंगच्या पिक्चरमधे घातलं आणि पुढे त्याचंच नाव चिकटलं.

पट्ट्याचं मात्र ऐका. जून ते सप्टेंबर लेदर पट्टा कपाटात ठेवलात की हिरवी बुरशी आलीच समजा. पावसाळ्यात रबर नाहीतर कापडी पट्टा लावा, घड्याळ डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. डांबरगोळ्या नकोत.

मालवणी_माणूस
मेल्या, इतक्या पैशात होडी येतली, इंजिनासकट! मिरकरवाड्यार कोणाक कळाचा पण नाय ह्या काय ता. पण हौसेक मोल नाय, घे तू.

गुहागर_पुणे_अपडाऊन
हसू नका हो, माणूस कमावतोय, घेऊ दे की.

मुद्द्याचं सांगतो. दोन्ही ३९ मिमी, पण चौकोनाचा आकडा गोल घड्याळासारखा वाचू नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरलं तर हिशोबाने ५५ च्या आसपास जातं, कोपरे गोलवलेत म्हणून थोडं कमी. जाडही आहे, शर्टाच्या कफखाली सहज जात नाही. बारीक मनगट असेल तर फोटोवरून अजिबात ठरवू नका, मुंबईत शोरूमला जाऊन बांधून, हात खाली सोडून आरशात बघा.

जुन्या-नव्याबद्दल टिकटिकरावांचा कल कळला, सगळी गोष्ट १९६९ चीच, पण अलीकडचं कॅलिबर ११ म्हणजे ते मायक्रोरोटरवालं मशीन नव्हे. नावच तेवढं तेच. ह्यात सेलिटा कंपनीचं बेस मशीन आणि वर मॉड्यूल, पॉवर रिझर्व्ह (काढून ठेवल्यावर चालत राहण्याची मुदत) ४० तासांचा. ह्युअर ०२ कंपनीचं स्वतःचं, बटणांचं काम सांभाळणारं कॉलम व्हील, क्रोनोला मशीनशी जोडणारा व्हर्टिकल क्लच, ८० तास. व्हर्टिकल क्लच असला की क्रोनो सुरू करताना मधला काटा उडी मारत नाही, हे एकदा बघितलं की दुसरं आवडत नाही. शुक्रवारी काढून ठेवलंत तरी सोमवारी चालू. रोज वापरणार असाल तर हेच. डाव्या क्राउनचा एक फायदा मात्र मान्य, मनगट वाकवलं की क्राउन हाताच्या पाठीत रुतत नाही, गाडी चालवताना फरक कळतो.

सेकंडहँड कॅलिबर ११ बघणार असाल तर त्याच्या निळ्या डायलवर तासांच्या खुणा आडव्या असतात ते तपासा, मध्यातून किरणांसारख्या पसरलेल्या दिसल्या तर लगेच परत द्या. कॅलिबर ११ ला छोट्या डायली दोन, ह्युअर ०२ ला तीन. नकली विकणारे इथे गोंधळ घालतात.

सिंगापूरला टुरिस्टांना टॅक्स रिफंड मिळतो म्हणून स्वस्त वाटतं, शिपवरून निघणाऱ्याला तो मिळेलच असं नाही, आणि घरी आणताना कस्टमच्या रेड चॅनलला जाऊन ड्युटी भरायची, ती धरली की गंमत जाते. इथे घेतलंत तर दोन लाखांच्या वर पॅन लागतो आणि तेवढी रोकड दुकानदार घेऊ शकत नाही. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर एक टक्का टीसीएस (दुकानदाराने आधीच कापून घ्यायचा इन्कम टॅक्स) आहे, तो पुढे रिटर्नमधे वळता होतो.

मिऱ्याकर
धन्यवाद सगळ्यांना. होडीचं आईला सुचवतो, मग घड्याळ तिला स्वस्त वाटेल. ह्युअर ०२ वर मन बसतंय. सर्व्हिस कुठे करायची पण? रत्नागिरीत माझ्या मेव्हण्याच्या घड्याळाचं मागचं झाकण एकाने सेल बदलायला उघडलं, गॅस्केट मुरगळून परत बसवला, पहिल्याच पावसात काचेच्या आतून धुकं.

टिकटिक_चिपळूण
म्हणूनच झाकण गावात कोणालाही उघडू द्यायचं नाही, सेल तर ह्यात नाहीच. मुंबईला ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला, पूर्ण सर्व्हिस पाचेक वर्षांनी, आणि क्रोनोची सर्व्हिस साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा बरीच महाग पडते, ते पैसे आत्ताच बाजूला काढा. मधे दरवर्षी प्रेशर टेस्ट तेवढी करून घ्या, मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत. शिपवर टाइम झोन बदलताना रात्री नऊ ते तीनच्या मधे तारीख पुढे ढकलू नका, आणि इंजिन रूममधे जनरेटर-मोटारींजवळ घालून फिरू नका, मॅग्नेटाइझ झालं की दिवसाला कितीतरी पुढे पळायला लागेल. तिथे कॅसिओ घाला.